'दर्शनी', 'ठळक' आणि 'लक्षणीय' : लक्ष वेधणाऱ्या इंग्रजी विशेषणांच्या अर्थच्छटा व त्यांच्या मराठी पर्यायांची चिकित्सा

प्रास्ताविक :

महापे हा नवी मुंबईतील ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतीचा भाग. रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने आणि त्यांच्या शेजारीच उभी राहिलेली मिलेनियम बिझनेस पार्कसारखी माहिती-तंत्रज्ञानाची संकुले असे येथील संमिश्र स्वरूप आहे. अशा वसाहतींतील कारखान्यांना दीर्घकाळ लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये एक साधा वाटणारा दंडक होता. अधिनियमाखालील सर्व सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, त्या मुख्य प्रवेशद्वारापाशी 'कॉन्स्पिक्युअस' व सोयीच्या जागी लावाव्यात आणि स्वच्छ व सुवाच्य स्थितीत राखाव्यात, असा तो दंडक होय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या व या अधिनियमाची जागा त्यांनी घेतली. परंतु सूचना कोठे व कशी लावावी हे सांगणाऱ्या त्या इंग्रजी विशेषणाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न अधिनियम बदलल्याने सुटत नाही.

मराठी शासनव्यवहाराने या विशेषणासाठी 'दर्शनी' हा शब्द रूढ केला आहे. 'दर्शनी भागात लावण्यात यावे' हे वाक्य परिपत्रकांतून इतक्या वेळा येते की त्याच्या अर्थाकडे कोणी थांबून पाहत नाही. वस्तुतः 'दर्शनी' म्हणजे समोरचा. घराची दर्शनी बाजू, दर्शनी भिंत, वाड्याचा दर्शनी भाग या सर्व प्रयोगांत तो शब्द वास्तूच्या अंगाविषयी बोलतो; तेथे लावलेली वस्तू दिसते की नाही याविषयी तो काहीच सांगत नाही. (व्यापारी परिभाषेतील 'दर्शनी हुंडी'मध्ये मात्र 'दाखविताक्षणी देय' असा पाहण्याच्या क्रियेशी जोडलेला अर्थ टिकून आहे, हे जाता जाता नोंदवावे.) प्रवेशद्वाराच्या भिंतीवर, पण पहारेकऱ्याच्या चौकीच्या उघड्या दारामागे झाकली गेलेली, उन्हाने विटलेली सूचना ही 'दर्शनी भागात' असते, आणि तरीही ती 'कॉन्स्पिक्युअस' नसते. इंग्रजी विशेषणाने पाहणाऱ्याच्या बाजूने घातलेली अट मराठी पर्यायात जागेची अट होऊन बसते. ज्या कामगारासाठी ही सूचना असते त्याचे नुकसान येथेच होते.

प्रस्तुत लेखात लक्ष वेधून घेणाऱ्या वस्तूंना लावली जाणारी इंग्रजी विशेषणे आणि त्यांचे रूढ मराठी पर्याय यांतील अंतर तपासले आहे. या विशेषणांना आपले द्विभाषिक शब्दकोश बहुधा स्वल्पविरामांनी जोडून एका ओळीत बसवितात. वस्तू कोणत्या रीतीने नजरेत येते यावरून इंग्रजी विशेषणे परस्परांपासून वेगळी होतात. मराठीतील अस्सल प्रयोग मात्र नजरेत आल्यावर पाहणाऱ्याला काय वाटते यावरून वेगळे होतात. ही दोन तत्त्वे भिन्न असल्यामुळे विशेषणाला विशेषण ठेवण्याची कोशांची पद्धत या ठिकाणी अपुरी पडते, असे येथे दाखवावयाचे आहे.

इंग्रजी विशेषणांची घडण :

या गटातील शब्दांचे मूळ पाहिले तर प्रत्येकाच्या पोटी एक छोटी शारीर प्रतिमा दडलेली आढळते. 'कॉन्स्पिक्युअस'च्या मुळाशी लॅटिनमधील पाहण्याची क्रिया आहे. 'प्रॉमिनंट' म्हणजे पुढे आलेले, कड्यासारखे बाहेर निघालेले. म्हणून तो शब्द नाकाला, गालफडांना, टेकडीला आणि मग गावातील पुढाऱ्याला लागतो. 'सेलियंट'च्या मुळाशी उडी आहे. अंड्यातील गर्भात प्रथम दिसणारा, उड्या मारणारा हृदयाचा बिंदू अ‍ॅरिस्टॉटलने वर्णिला होता. लॅटिन परंपरेने त्याला 'उडणारा बिंदू' म्हटले आणि त्यातूनच महत्त्वाच्या मुद्द्याला 'सेलियंट' म्हणण्याची वाट निघाली. 'स्ट्रायकिंग'मध्ये आघात आहे, 'अरेस्टिंग'मध्ये चालत्याला जागीच थांबविणे आहे. 'नोटिसेबल' हा या सर्वांत नेमस्त शब्द : लक्ष गेले तर कळेल, एवढाच त्याचा दावा.

काही शब्दांनी प्रवासात आपली बाजूही बदलली. 'एग्रीजस' म्हणजे मुळात कळपातून वेगळा उठणारा. सोळाव्या शतकातील इंग्रजीत तो स्तुतिवाचक होता. आज तो केवळ घोर चुकीला लावतात. 'आउटस्टँडिंग'ची गंमत प्राध्यापकवर्गाला सांगावयास नको. गोपनीय अहवालात तो 'अत्युत्कृष्ट' असतो आणि शुल्काच्या नोंदवहीत 'थकीत' असतो. पुढे उभे राहिलेले आणि देणे म्हणून उभे राहिलेले या दोहोंत प्रतिमा एकच आहे. मराठीने मात्र त्यांसाठी दोन शब्द घेतले आणि योग्य केले.

या सर्वांत 'कॉन्स्पिक्युअस'चे वैशिष्ट्य असे की तो स्वतः ना स्तुती करतो ना निंदा. तो वस्तूचा अंगभूत गुणही सांगत नाही. वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांतील नाते सांगतो. पांढऱ्या साड्यांच्या ओळीतील एक हिरवी साडी 'कॉन्स्पिक्युअस' असते. हिरव्या साड्यांच्या ओळीत तीच साडी नसते. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन ट्रीस्मन व गॅरी गेलेड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या उपपत्तीचा एक आधार हाच होता : एकाच रंगाच्या घोळक्यात वेगळ्या रंगाची एक खूण शोधताना घोळका कितीही वाढला तरी पाहणाऱ्याला जवळजवळ जादा वेळ लागत नाही. या नात्यासाठी मराठीत 'उठून दिसणे' हा अगदी नेमका प्रयोग आहे. तो कोशकारांना सुचला नाही असे नव्हे. तो क्रियापद आहे म्हणून विशेषणाच्या रकान्यात बसला नाही.

एक शब्द आणि त्याच्या मराठीतील वाटा :

'कॉन्स्पिक्युअस' मराठीत आला की त्याच्या वाटा फुटतात. कायद्याची वाट वर पाहिली. ती आणखी थोडी पुढे न्यावी लागेल, कारण तेथे माणसाच्या हक्काचा प्रश्न आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम २० प्रमाणे प्रतिवादी सापडत नसेल तर समन्सची प्रत न्यायालयात आणि त्याच्या शेवटच्या ज्ञात घराच्या 'कॉन्स्पिक्युअस' भागावर डकवून पर्यायी बजावणी करता येते. आणि ही बजावणी जातीने केलेल्या बजावणीइतकीच परिणामकारक मानली जाते. म्हणजे दारावर कागद डकवला की त्या माणसाला कळले, असे कायदा गृहीत धरतो. हे गृहीतक न्याय्य ठरते ते केवळ त्या एका विशेषणामुळे. कागद नजरेस पडण्याची खात्री काढून घेतली तर उरते ती फक्त भिंत.

फौजदारी प्रक्रियेत तर 'दर्शनी' हा पर्याय पुरता उघडा पडतो. फरारी व्यक्तीविषयीची उद्घोषणा पूर्वी १९७३ च्या संहितेच्या कलम ८२ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली होते. तीत उद्घोषणा डकविण्याबरोबरच ती गावातील 'कॉन्स्पिक्युअस' ठिकाणी जाहीरपणे वाचून दाखविण्याचीही तरतूद आहे. गावाला दर्शनी भाग कोणता? वाचन हा कानाचा विषय. तेथे भिंतीची समोरची बाजू काय कामाची? मराठी खेड्याने या गोष्टीसाठी चावडी राखून ठेवली होती, आणि दवंडीही. 'चव्हाटा' हा शब्दही अर्थाने जवळचा आहे. परंतु 'चव्हाट्यावर आणणे' यात बेअब्रूची छटा इतकी गडद आहे की न्यायालयाला तो वापरता येणार नाही. सर्वांना दिसेल अशी जागा आणि सर्वांदेखत होणारी नाचक्की या दोन कल्पना मराठीने एकमेकींच्या इतक्या जवळ ठेवल्या आहेत, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दुसरी वाट शौर्याची. अशोकचक्र आणि परमवीरचक्र यांच्या इंग्रजी नियमांत शौर्याला 'मोस्ट कॉन्स्पिक्युअस' हे विशेषण आहे, कीर्तिचक्राच्या नियमांत नुसते 'कॉन्स्पिक्युअस'. ही शब्दयोजना ब्रिटिश व्हिक्टोरिया क्रॉसच्या परंपरेतून आलेली आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे हे त्या सन्मानाचे मराठी मानकरी होत. मराठीत असे शौर्य 'असामान्य', 'अतुलनीय' किंवा 'अत्युच्च' होते. तिन्ही शब्द भव्य आहेत आणि तिन्हींमधून पाहणारा माणूस गळालेला आहे. १८५६ च्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मूळ सनदेत कृत्य वरिष्ठाच्या डोळ्यांदेखत घडले असावे, नाहीतर ते पुराव्याने सिद्ध करावे, अशी अपेक्षा होती. 'कॉन्स्पिक्युअस' शौर्य म्हणजे मोजता न येणारे शौर्य नव्हे. रणधुमाळीतही इतरांहून उठून दिसलेले, साक्षीदार असलेले शौर्य. कोणीच न पाहिलेले शौर्यही अतुलनीय असू शकते. पण त्याला पदक मिळत नाही, आणि ही कटू गोष्ट इंग्रजी विशेषण प्रामाणिकपणे सांगते. मराठी पर्याय ती झाकतो.

तिसरी वाट अर्थशास्त्राची. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ मध्ये 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथात मांडलेल्या संकल्पनेला मराठीत सामान्यतः 'दिखाऊ उपभोग' म्हणतात. येथे शौर्याच्या नेमके उलट घडते. तेथे मराठीने विशेषणाला उंच नेले, येथे खाली ओढले. 'दिखाऊ' म्हणजे वरवर चांगले, आतून पोकळ. 'टिकाऊ' हा त्याचा प्रतियोगी शब्द लगेच मनात उभा राहतो. व्हेब्लेनची लेखणी उपरोधिक होती हे खरे. परंतु त्याच्या उपपत्तीत अशा उपभोगाला काम आहे. तो प्रतिष्ठेचा पुरावा म्हणून वावरतो आणि पुरावा इतरांना दिसावाच लागतो. 'वेस्ट' हा शब्दसुद्धा आपण निंदेच्या अर्थाने योजत नाही, असा खुलासा त्याने केलेला आहे. मराठीतील विद्यार्थी 'दिखाऊ उपभोग' वाचतो तेव्हा त्याला सिद्धान्ताऐवजी उधळेपणावरील कीर्तन ऐकू येते. लग्नातील पंगती, गृहप्रवेशाची रोषणाई, दारापुढील मोटार यांविषयी तो उत्तरपत्रिकेत तावातावाने लिहितो. असा खर्च न करणाऱ्याची समाजात कोणती किंमत होते, हा व्हेब्लेनचा मूळ प्रश्न त्याच्या हाती लागत नाही.

चौथी वाट गैरहजेरीची. गैरहजेरीमुळेच उठून दिसणे हा प्रयोग इंग्रजीत लॉर्ड जॉन रसेल याने १८५९ मध्ये लंडनच्या मतदारांपुढे केला. त्याचा आधार टॅसिटसमध्ये आहे. यूनियाच्या अंत्ययात्रेत ब्रूटस व कॅशियस यांच्या प्रतिमा मिरविल्या गेल्या नाहीत, आणि नेमके म्हणूनच ते सर्वांहून अधिक झळकले, असे त्या रोमन इतिहासकाराने नोंदविले आहे. मराठी येथे एक सुंदर गोष्ट करते. ती डोळा सोडून देते. 'त्यांची अनुपस्थिती प्रकर्षाने जाणवली' असे आपण म्हणतो. नसलेले दिसत नाही, ते जाणवते. या एका ठिकाणी भाषांतराने मुळावर कडी केली आहे असे म्हणावयास हरकत नाही. आणि ती साधली ती विशेषण टाकून देऊन क्रियापद घेतल्यामुळे.

मराठीचा डोळा :

एका शब्दाला एवढ्या वाटा का फुटाव्यात? याचे कारण मराठीत या अर्थक्षेत्राची वाटणीच निराळी झालेली आहे. नजरेशी निगडित प्रयोग पाहिले की ती दिसते. 'डोळ्यात भरणे' ही पसंती आहे. 'डोळ्यात खुपणे' हा मत्सर किंवा नापसंती. 'डोळ्यावर येणे' यात लोकांच्या नजरेत आता हे अति झाले, अशी सूचना आहे. लेकीसुनांना आणि नव्याने हाती पैसा आलेल्या घरांना वडीलधारे याच शब्दांत सावध करीत आले. वस्तू तीच, दागिना तोच. फरक पडतो तो बघणाऱ्याच्या मनात. विशेषणांतही हीच रीत आहे. कुंकू आणि नथ 'ठसठशीत', लुगड्याचा काठ 'उठावदार', रंग 'भडक', समारंभ 'भपकेबाज'. चूक 'ढळढळीत', खोटे 'धडधडीत'. इंग्रजी 'ग्लेअरिंग' आणि 'ब्लेटंट' यांना हे शेवटचे दोन शब्द असे तंतोतंत बसतात की कोणत्याही कोशकाराला नवा शब्द घडविण्याचे कारण पडू नये. निंदेच्या प्रांतात मराठी इंग्रजीच्या तोडीस तोड आहे. किंबहुना कांकणभर सरस.

उणीव आहे ती तटस्थ विशेषणाची. दिसणारी वस्तू चांगली की वाईट हे न ठरविता ती फक्त दिसते एवढेच सांगणारे विशेषण बोलीत फारसे लागत नव्हते. ते कायद्याला, विज्ञानाला आणि प्रशासनाला लागले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने शासनव्यवहार मराठीत येऊ लागला, तेव्हा ही गरज एकदम पुढे उभी राहिली. ती भागविण्यासाठी संस्कृतातील 'लक्ष' आणि 'दर्शन' या मूळ शब्दांवर भार टाकण्यात आला. मोल्सवर्थच्या १८३१ च्या आणि १८५७ मध्ये सुधारून निघालेल्या मराठी-इंग्रजी कोशात एका मराठी शब्दाची छटा समजावण्यासाठी कित्येक ओळींचा इंग्रजी खुलासा येतो. उलट दिशेने, इंग्रजीकडून मराठीकडे येणाऱ्या आजच्या कोशांत तशी उदारता क्वचितच आढळते. तेथे खुलाशाऐवजी पर्यायांची रांग असते.

या रांगेने काय होते ते २००३ च्या तंबाखू उत्पादनांविषयीच्या केंद्रीय अधिनियमावरून कळते. त्याच्या कलम ८ नुसार वेष्टनावरील इशारा सुवाच्य व 'प्रॉमिनंट' असावा, आकार व रंग यांबाबत 'कॉन्स्पिक्युअस' असावा आणि भोवतालच्या अक्षरांहून स्पष्टपणे वेगळा उठावा. येथे दोन्ही विशेषणे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचे काम वेगळे आहे. पहिले विशेषण इशाऱ्याला वेष्टनावर पुढचे स्थान देते. दुसरे त्याला वेष्टनाच्या रंगात विरू देत नाही. कोशांच्या सवयीने दोघांनाही 'ठळक' म्हणता येते. 'ठळक बातम्या' आणि 'ठळक वैशिष्ट्ये' या प्रयोगांत हा शब्द 'सेलियंट'चेही काम करीत असतो, ते निराळेच. परंतु लाल वेष्टनावर लाल रंगात मोठ्या टाइपात छापलेला इशारा ठळक असतो आणि तरीही उठून दिसत नाही. अनुवादकाने येथे 'ठळक' एकदाच खर्च करावा आणि दुसऱ्या ठिकाणी 'आकार व रंग यांमुळे उठून दिसेल असा' हे पूर्ण वाक्यांग लिहावे. विधिभाषेला ते लांब वाटेल. पण अर्थ त्यातच आहे.

खुद्द कायद्यानेही अलीकडे विशेषणांवरचा विश्वास कमी केलेला दिसतो. एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनावरील सचित्र इशाऱ्यासाठी ८५ टक्के पृष्ठभाग ठरवून देण्यात आला. महाराष्ट्रात दुकानांच्या नामफलकांविषयी २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मराठी अक्षरे ठळक असावीत असे म्हणून सोडले नाही. देवनागरी मराठी मजकूर प्रारंभी असावा आणि त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत, असे मोजपट्टीने ठरविले. मोजपट्टीवर वाद घालता येत नाही. पण पिवळसर पाटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेले मोठे मराठी अक्षर नियमात बसूनही वाचकाच्या नजरेतून निसटू शकते. 'कॉन्स्पिक्युअस'ने जे नाते पकडले होते ते टक्क्यांच्या हिशोबात येत नाही.

'लक्षणीय' आणि समीक्षेची भाषा :

या गटातील सर्वांत थकलेला मराठी शब्द 'लक्षणीय' होय. वृत्तपत्रांत 'लक्षणीय वाढ' येते तेव्हा ती नजरेत येण्याइतकी वाढ की परिणाम घडविण्याइतकी वाढ, हे कळावयास मार्ग नसतो. इंग्रजीत 'नोटिसेबल' आणि 'सिग्निफिकंट' हे निराळे शब्द आहेत. वर्गातील उपस्थिती चार विद्यार्थ्यांनी घटली तर शिक्षकाच्या ते ध्यानात येते. तेवढ्यावरून संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती घट अर्थपूर्ण ठरत नाही. सामाजिक शास्त्रांतील मराठी शोधनिबंधांत या दोन्ही जागी 'लक्षणीय' येतो, आणि मग कोष्टकात नसलेला निष्कर्ष वाक्यात शिरतो. संख्याशास्त्रीय कसोटीसाठी 'सार्थ' हा पर्याय उपलब्ध असता असे व्हावे, हे खेदजनक आहे.

साहित्यसमीक्षेतील स्थिती याहून बरी नाही. 'लक्षणीय कवितासंग्रह', 'लक्षवेधी कथा', 'उल्लेखनीय योगदान' हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवले तरी परीक्षणाचे काहीच बिघडत नाही. 'लक्षवेधी' या शब्दाची धार तर विशेष वाया गेली आहे. त्यात 'वेध' आहे. लक्ष्यवेधाची आठवण आहे. 'स्ट्रायकिंग' आणि 'अरेस्टिंग' यांतील आघात मराठीत आणण्याची ताकद याच शब्दात होती. विधिमंडळाने ती काहीशी जपली आहे. 'लक्षवेधी सूचना' मांडली की एखाद्या विषयाकडे मंत्र्याला लक्ष देऊन निवेदन करावे लागते. समीक्षेतील लक्षवेधी कथा वाचकाला तसे काही करावयास लावते का, याविषयी परीक्षणकर्ते मौन पाळतात.

चर्चासत्रांच्या अहवालांत प्रत्येक निबंध 'लक्षवेधी' असतो आणि प्रत्येक उपस्थिती 'लक्षणीय'. सगळ्याच साड्या हिरव्या झाल्यावर हिरवी साडी उठून दिसत नाही, हा वर पाहिलेला नियम येथे विशेषणालाच लागू पडतो. कथेतील एखादे वाक्य भोवतालच्या निवेदनाहून लयीने, बोलीने वा मौनाने वेगळे पडत असेल तर परीक्षणात तसेच लिहिता येते : 'आजीचे बोलणे सुरू होताच निवेदनातील प्रमाणभाषा मागे पडते आणि ते एक वाक्य कथेभर कानात राहते.' या वाक्यात लक्ष वेधण्याविषयी एकही विशेषण नाही. पार्श्वभूमी कोणती, तिच्यावर काय उठले आणि ते कोणाला जाणवले, या तिन्ही गोष्टी मात्र त्यात आहेत. महापे येथील फाटकाजवळच्या सूचनेसाठीही 'दर्शनी भागात' या दोन शब्दांऐवजी 'आत येणाऱ्या कामगाराच्या सहज दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' असे लिहिले, तर चौकीच्या दारामागची भिंत आपोआपच बाद होते.